उन्हाळ्याची सुट्टी आणि ९७ अंश

एप्रिल उजाडला की आपल्या होस्टेलवर दोनच विषय. सबमिशन कधी, आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट कुठून आणायचं. काकांच्या ओळखीने मिळालेल्या त्या महिन्यात काय शिकलास, हे कुणी विचारत नाही. म्हणून ज्युनिअर मंडळींसाठी हे लिहितोय.

बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी समर फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर स्टायपेंडही. इंजिनिअरिंगवाल्यांना चालते. मार्कशीटबरोबर 'मला काय करायचंय' हे स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं आणि सरांचं शिफारसपत्र लागतं. फॉर्म आदल्या वर्षीच, दिवाळीच्या सुमारास निघतो. तेव्हा आपण फराळात असतो, ही खरी अडचण!

मला बंगळूर मिळालं. पहिलं काम थर्मोकपल कॅलिब्रेट करायचं. बर्फाच्या पाण्यात शून्य आलं, उकळत्या पाण्यात मात्र ९७ च्या पुढे आकडा हलेना. मी मीटरकडे संशयाने बघायला लागलो. लॅबमधला पीएचडीवाला दादा सोलापूरचा. म्हणाला, "मीटर ठीक आहे रे. खिडकीतून बघ, समुद्र दिसतोय का कुठे?" बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९७ लाच उकळतं. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं.

गंमत पुढेच आहे. ही फेलोशिप शिक्षकांनाही मिळते, आणि आपल्याच कॉलेजचे एक सर त्या वर्षी शेजारच्या इमारतीत होते. रात्री मेसमध्ये त्यांना हे सांगितलं. सर जेवायचे थांबले. म्हणाले, "मी १२ वर्षं हे प्रॅक्टिकल घेतोय. आपलं कॉलेजही घाटावरच आहे, ९८ च्या आसपास यायला हवं. पण एकाही जर्नलमध्ये १०० सोडून दुसरा आकडा पाहिला नाही." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तेही आमच्यासारखेच रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये. त्यांना 'सर' म्हणणारं तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यांना ते आवडत असावं.

परत आल्यावर त्यांनी प्रॅक्टिकल बदललं. आता आधी बॅरोमीटर वाचायचा, मग पाणी उकळायचं. १०० लिहिलं की जर्नल परत. मुलं वैतागली आहेत, तो भाग वेगळा.

पण सरांना पुन्हा जायचं होतं ते जमलं नाही. मे-जूनमध्ये परीक्षा, तोंडी, पेपर तपासणी. सुट्टी कागदावरच राहते. मुलांचंही तेच, शेवटचा पेपर होईपर्यंत फेलोशिपचे दोन आठवडे गेलेले असतात. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी एवढं एकदा बघावं.

फॉर्मबद्दल विचारायचं असेल तर रात्री जेवणानंतर रूमवर या. सरांना गाठायचं असेल तर ते लॅबमध्येच असतात.