तळ्याकाठची दीपगृहं

मिलवॉकी

प्रिय सुलू,

"तळ्याला कशाला गं दीपगृहं?" असं तू फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

अगं, मिशिगनला तळं म्हणायचं ते पाणी गोडं आहे म्हणून. दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४९४ किलोमीटर, सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा आहेत, लांबच लांब पुळण आहे, फक्त वाऱ्याला खारा वास नाही आणि भरती-ओहोटी जाणवत नाही. एकोणिसाव्या शतकात मिशिगनच्या जंगलातलं पाइनचं लाकूड शिडाच्या जहाजांतून याच पाण्यावरून शिकागोला जायचं. १८७१ च्या आगीत शिकागो जळालं, ते पुन्हा उभं राहिलं त्यातही या लाकडाचा वाटा फार मोठा. आणि इथलं नोव्हेंबरचं वादळ आपल्या जून-जुलैच्या समुद्राइतकंच वाईट. अमेरिकेत सर्वांत जास्त दीपगृहं मिशिगन राज्यात आहेत ती उगीच नाहीत.

अविनाश निवृत्त झाल्यापासून हा बेत घोळत होता. मॅनिटोवॉकला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, पलीकडे लडिंग्टनला उतरायचं, मग काठाकाठाने दक्षिणेला येत शिकागोवरून वळसा घालून घरी.

तू आणि मी दाभोळ-धोपावेची फेरीबोट किती वेळा केली असेल! डबा उघडेपर्यंत पैलतीर येतो. इथे चार तास लागतात, अंतर साधारण ९७ किलोमीटर. जहाजाचं नाव 'एस. एस. बॅजर'. विस्कॉन्सिनमध्येच स्टर्जन बे इथे बांधलेलं, १९५३ पासून चालू. तेव्हा त्याच्या पोटातून रेल्वेच्या वाघिणी पलीकडे जात, आता मोटारी जातात. अजूनही ते कोळशावर, वाफेच्या इंजिनांवर चालतं; या महासरोवरांवर असं प्रवासी जहाज आता हे एकच. कोळशाची राख पूर्वी तळ्यात सोडत. त्यावर बरंच रान उठलं, आणि २०१५ च्या हंगामापासून ती जहाजातच साठवून किनाऱ्यावर उतरवतात. हे झालं ते फार बरं झालं. आता जहाज मनापासून आवडून घेता येतं. धक्क्यावर गाडीची किल्ली द्यायची, तिथली माणसं ती आत नेऊन लावतात. आपण वर डेकवर खुर्ची पकडायची. आत बिंगो चालू असतो, पण मी बाहेरच बसले. मधे बराच वेळ कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही. अविनाश वाऱ्यात मफलर गुंडाळून एकटक पाण्याकडे बघत बसला होता, नोकरीच्या इतक्या वर्षांत मी त्याला इतकं स्वस्थ पाहिलं नव्हतं. भोंगा झाला, लडिंग्टनच्या बांधाच्या टोकावरचं पांढरं दीपगृह बाजूने सरकलं आणि घड्याळ एक तास पुढे करावं लागलं.

लडिंग्टनच्या उत्तरेला 'बिग सेबल पॉइंट'. तिथे गाडी जात नाही, वाळूच्या टेकड्यांमधून तीनेक किलोमीटर चालायचं. मनोरा १८६७ चा, ११२ फूट उंच, पांढरा आणि मधे काळा पट्टा. मूळच्या विटा वाऱ्यापावसाने झिजायला लागल्या तेव्हा १९०० साली त्याला वरून लोखंडी पत्र्यांचं कवच घातलं. आत १३० पायऱ्या. पायऱ्यांना भोकं आहेत, खाली बघितलं की सगळा जिना थेट तळापर्यंत दिसतो. मी कठड्याला हात धरून, एकेक पायरी मोजत गेले. हे सगळं टिकवून ठेवलंय एका संस्थेच्या स्वयंसेवकांनी. ते पाळीपाळीने येऊन रखवालदाराच्याच घरात राहतात, तिकिटं फाडतात, पितळ घासतात, आल्यागेल्याला माहिती सांगतात. आमच्या वेळी दारात एक आजी होत्या. कुठून आलात, असं विचारून त्यांनी आधी पाणी दिलं.

तरी मला विचारशील तर सगळ्यांत देखणं 'लिटल सेबल'. १८७४ चं, नुसत्या लाल विटांचं. शेजारचं रखवालदाराचं घर १९५० च्या दशकात पाडून टाकलं, त्यामुळे वाळूत तो मनोरा एकटा उभा आहे. मधली कित्येक वर्षं त्याला पांढरा रंग होता, तो नंतर काढून टाकला. वर अजून मूळचं फ्रेनेल भिंग आहे. मधे फुगीर काच आणि तिच्याभोवती, वर-खाली, तिरप्या धारांच्या काचांची कडी. दिव्याचा जो उजेड आभाळात आणि जमिनीवर वाया गेला असता तो प्रत्येक कडं वळवून सरळ पाण्याकडे पाठवतं. म्हणून तर तेलाच्या दिव्यावर भागत होतं. मी एका काचेच्या कडेकडे बघत होते, तिच्यात तळं उलटं आणि सप्तरंगी काठ असलेलं दिसत होतं.

याच टापूत ११ नोव्हेंबर १९४० च्या वादळात 'डॅव्हॉक' आणि 'मिंच' ही दोन मालवाहू जहाजं सगळ्या माणसांसकट बुडाली. तिसरं, 'नोव्हाडॉक', किनाऱ्यालगत रुतून मोडलं. त्यावर जिवंत राहिलेल्या माणसांना दोन दिवसांनी वाचवलं ते मासेमारांच्या एका लहान बोटीने. किनाऱ्यावर बत्ती होती, तरी हे झालं. ते ऐकल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

व्हाइट रिव्हरला १८७५ पासून बत्ती सांभाळली कॅप्टन विल्यम रॉबिन्सन यांनी, १९१९ साली वयाच्या ८७ व्या वर्षापर्यंत, आणि त्यांच्यामागे त्यांच्या नातवाने. ग्रँड हेवनचे दोन लाल मनोरे सुंदर आहेत, पण गर्दी फार. फोटो काढले आणि निघालो.

खरं मन गुंतलं ते इंडियानातल्या मिशिगन सिटीत. तिथे १८६१ ते १९०४, तब्बल ४३ वर्षं, हॅरिएट कोलफॅक्स नावाच्या बाईने दीपगृह चालवलं. घरावरची बत्ती तर होतीच, शिवाय पाण्यात गेलेल्या लांब धक्क्याच्या टोकालाही एक दिवा. दिव्यात चरबीचं तेल. थंडीत ते घट्ट व्हायचं, म्हणून चुलीवर गरम करायचं, भांडं घेऊन लाटा अंगावर घेत धक्क्यावरून चालायचं, आणि टोकाला पोचेपर्यंत ते पुन्हा गोठलेलं असायचं. मग परत घरी, परत चूल. ऐंशीव्या वर्षी ती निवृत्त झाली, पुढच्या वर्षी वारली. तिथल्या संग्रहालयात मी अविनाशला म्हटलं, हिच्याबद्दल सुलूला लिहायलाच हवं. जहाजं, मनोरे, भिंगं सगळं खरं. पण रात्री-अपरात्री उठून वात कापणारं माणूस नसतं तर त्या भिंगाचा काय उपयोग होता? अशा किती बाया होत्या इथे! बीव्हर बेटावर एलिझाबेथ व्हॅन राइपरचा नवरा १८७२ साली बुडणाऱ्यांना वाचवायला गेला तो परतलाच नाही, आणि बत्ती तिने हातात घेतली. पुढे १९१३ पर्यंत ती हेच काम करत होती.

बॅजर साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालते. तेव्हा पुढच्या वर्षीच्या व्हिसाचं आत्ताच बघ. आणि तोवर भगवती किल्ल्याजवळचं आपलं दीपगृह एकदा बघून ये. लहानपणापासून त्याच्या उजेडात वावरलो, पण तिथे काम करणाऱ्यांशी आपण कधी बोललोच नाही. त्यांच्याशी बोल, आधी तिथे कोण कोण होतं ते विचार आणि मला सविस्तर लिही.

तुझी,
नंदा