धर्मराजाच्या गावी

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१ च्या स्मृतीने मराठी मन येथे व्याकूळ होते. पांडवांनी मागितलेल्या पाच गावांपैकी हे एक, अशीही परंपरा आहे. सोबत आलेल्या श्वानाला टाकून स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा येथे सहजच आठवते. काला अंबच्या स्मारकापाशी लोक नतमस्तक होतात. अशा स्थळी मोकळा सोडलेला कुत्रा मुलांच्या अंगावर धावला, तर दोष मुक्या जिवाचा नव्हे, धन्याचा. साखळी हाती असावी, रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी, कुत्र्याने केलेली घाण धन्याने स्वतः उचलावी. सोबत्याला टाकू नये हा जसा धर्म, तसे त्याला मोकाट सोडू नये हाही धर्मच.