समुद्राच्या पोटात

नवापूरच्या किनाऱ्यावर आम्ही भावंडं वाढलो. अब्बांचा धंदा सुक्या मासळीचा. मांगेल्यांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या की आम्ही टोपल्या घेऊन धावायचो. बोंबील दांडीवर वाळत घालताना अब्बा पश्चिमेकडे हात करून सांगायचे, "तिकडे, नजर पोचत नाही इतक्या लांब, समुद्रातून तेल निघतं."

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं ते बॉम्बे हाय. १९६०च्या दशकात एका सोव्हिएत जहाजानं सर्वेक्षण करून तिथला खडकाचा उंचवटा हेरला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं तिथं तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

आमचा धाकटा पुढे भूगर्भशास्त्र शिकला. सुट्टीत आला की चहा पिताना आम्हाला समजावून सांगायचा. तेलाचं तळं वगैरे काही नसतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी सूक्ष्म जीव आणि वनस्पती चिखलात गाडल्या गेल्या, वर थर साचत गेले, खोलवरच्या उष्णतेनं त्यांचं तेल झालं. ते हलकं, म्हणून वर सरकत गेलं आणि चुनखडीच्या बारीक छिद्रांत मुरलं. पावात चहा मुरतो तसं! वर घट्ट शेलचं झाकण हवं आणि खडकाला बाक हवा, नाहीतर तेल निसटून जातं. बाक आधी तयार व्हावा लागतो, तेल नंतर यावं लागतं. एक जरी गोष्ट चुकली तरी विहीर कोरडी.

"आणि हे वरून कळतं कसं?" अम्मीनं विचारलं.

"जहाज पाण्यात हवेचे धमाके करतं. आवाज खडकांवर आपटून परत येतो. मागं ओढलेल्या लांब तारांतले कान तो ऐकतात. त्यावरून नकाशा काढतात. पण तेल आहे की नाही, हे शेवटी विहीर खोदल्यावरच कळतं."

एका वर्षी असंच एक सर्वेक्षणाचं जहाज आमच्याच समुद्रात आलं. जाळी काढून घ्या, असा निरोप आला. ऐन हंगाम होता. होड्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या, आमच्या दांड्या रिकाम्या. धाकटा तेव्हा दुसऱ्या एका जहाजावर तेच काम करत होता. सुट्टीत आला तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं, "बेटा, तुमच्या नकाशात खडक दिसतो. जाळं दिसतं का?"

तो गप्प राहिला. आम्हीही गप्पच. होडी डिझेलवर चालते, घरातली शेगडी गॅसवर, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्या वर्षी घर त्याच्या पगारावर चाललं. अब्बांनी पैसे घेतले, दुआही दिली. पण हिशेबाच्या वहीत मासळीचं पान त्यांनी कोरंच ठेवलं. ती वही आजही आमच्याकडे आहे.