कोणत्या सालची, कोणाच्या हातातली?

ठासणीची बंदूक भरायची सवय असलेल्या माणसाला 1849 चं कोल्ट पॉकेट रिव्हॉल्व्हर समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. आमच्या आंजर्ल्यात आणि एकूणच दापोली तालुक्यात अशी माणसं अजून आहेत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ही एकनळी बंदूक सरकारी कागदावर ‘एस.बी.एम.एल.’ होते, घरात मात्र ती नुसती ‘ठासणीची’. माकडं किंवा रानडुकरं बागेत शिरली की तिचा बार काढायचा. नळीत दारू ओतायची, वर बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि सगळ्यात शेवटी निपलवर तांब्याची टोपी. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते आणि तिची ठिणगी दारूपर्यंत पोचते. सॅम्युएल कोल्टच्या ‘पॉकेट’ रिव्हॉल्व्हरमध्ये हेच सगळं आहे. फक्त एका नळीच्या बुडाशी पाच कोठे असलेलं सिलिंडर फिरतं, आणि प्रत्येक कोठ्याच्या पाठीला स्वतःचं निपल असतं.

जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती तपासून देणं हे माझं काम. संग्रहालयं, नाटकं-मालिकांचे कलादिग्दर्शक आणि संग्राहक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘हे बरोबर आहे का?’ माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या सालासाठी, आणि कोणाच्या हातात द्यायचंय? या दोन गोष्टी कळल्याशिवाय वस्तू बरोबर की चूक हे सांगता येत नाही.

या प्रतिकृतींचा धंदा मुख्यतः इटलीतला. ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात बंदुका घडवण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी 1961 मध्ये सुरू होणार होती. त्या सुमारास तिकडच्या हौशी नेमबाजांना कोल्टची जुनी रिव्हॉल्व्हरं हवी झाली, आणि उबेर्टीसारख्या कारखान्यांनी ती नव्याने करायला घेतली. त्यांचं काम चांगलं आहे, हे मी मनापासून म्हणतो. सुटे भाग, त्यांची जुळणी, चक्र फिरवणारी आतली रचना हे सगळं मूळ वस्तूशी प्रामाणिक आहे. पण ती वस्तू नेमबाजीसाठी केलेली असते, इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे.

1849 च्या मॉडेलचंच बघा. गोळीचा व्यास इंचाच्या .31, म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. अष्टकोनी नळी तीन, चार, पाच किंवा सहा इंचांची. 1873 पर्यंत ही रिव्हॉल्व्हरं तीन लाखांहून अधिक बनली. गाजलेल्या 1851 च्या ‘नेव्ही’पेक्षाही हा छोटा भाऊ जास्त खपला. मूळ नगाच्या सिलिंडरवर ऑर्म्सबी या खोदकाराने रेखलेलं चित्र असतं : दरोडेखोरांनी अडवलेली घोडागाडी. भिंगाखाली धरलं तर घोड्यांच्या पायांच्या रेघासुद्धा सुट्या दिसतात. प्रतिकृतीत तेच चित्र बऱ्याचदा सपाट, दाट आणि काहीसं गिचमिड उमटतं. दुसरी खूण कडांची. जुन्या कारागिराने नळीचे आठही पैलू धारदार राखलेले असतात. यंत्रावर घाईने पॉलिश केलं की ते मऊ पडतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा खचतात. चापाभोवतालची पितळी कमान मूळ नगांत पुष्कळदा चांदीच्या मुलाम्याची असे, प्रतिकृतीत बहुधा नुसतं पितळ चमकतं. शिवाय इटालियन चाचणीचे शिक्के आणि ‘फक्त काळी दारू’ अशी इंग्रजी सूचना नळीवर उघड दिसते.

दस्त्याच्या बाबतीत मात्र लोक उलट्या बाजूने फसतात. चकचकीत व्हार्निश दिसलं की ‘नकली’ म्हणतात. नागरिकांना विकलेल्या कोल्टचे अक्रोडी दस्ते मुळातच व्हार्निश केलेले असत. प्रतिकृतीत खटकतो तो त्यातला तांबूस रंग. चकचकीत म्हणजे नकली, या समजातूनच एक मोठी गफलत होते. कलाविभागातली मंडळी नवी प्रतिकृती आणतात आणि ती ‘जुनी’ दिसावी म्हणून तिच्यावर आम्ल घासतात, गंज चढवतात. अहो, 1857 सालच्या अधिकाऱ्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर त्या साली नवंकोरं होतं! त्याची नळी निळीशार, सांगाड्यावर करड्या-तपकिरी छटा, चांदी लखलखीत. आज संग्रहालयात दिसतो तो दीडशे वर्षांच्या हाताळणीचा रंग. तो प्रसंगाच्या दिवशी नव्हता.

याहून गंभीर चूक म्हणजे कधीच नसलेल्या वस्तूची प्रतिकृती. पितळी सांगाड्याचं, .44 व्यासाचं ‘1851 नेव्ही’ बाजारात सर्रास मिळतं. कोल्टने असं रिव्हॉल्व्हर कधी बनवलंच नाही. नेव्ही .36 चं, आणि सांगाडा लोखंडी. पितळी सांगाडे अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांच्या ग्रिसवोल्ड-गनिसनसारख्या कारखान्यांनी लोखंडाच्या टंचाईत वापरले, तेही .36 मध्येच. ही काल्पनिक वस्तू एकदा पडद्यावर आली की पुढचा कलादिग्दर्शक तिलाच संदर्भ मानतो. मग ती पोस्टरवर येते, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येते, आणि मुलांच्या डोक्यात कायमची बसते. मला याचा खरोखर त्रास होतो.

वापरण्याच्या पद्धतीतला खरेपणा तर कोणी विचारातच घेत नाही. टोपीचं रिव्हॉल्व्हर एकदा रिकामं झालं की लढाईच्या हिशेबाने संपलं. पाच कोठ्यांत दारू मोजून घालायची, कोठ्यापेक्षा किंचित मोठी शिशाची गोळी दांड्याने दाबायची (शिशाची बारीक कडी तासून निघते, तेव्हाच ती घट्ट बसली असं समजायचं), एकाची आग शेजारच्या कोठ्यात शिरू नये म्हणून वर चरबी, मग पाच टोप्या. यात मिनिटं जातात. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याखाली अडकला तर चक्र फिरतच नाही. म्हणून जाणकार घोडा ओढताना नळी वर करत. पडद्यावरचा नायक मात्र न थांबता दहा-बारा बार काढतो आणि धूरही होत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या दारूचा पांढरा ढग ज्याने आमच्याकडे बागेत पाहिलाय, त्याला हे पटणार नाही.

त्या छोट्या गोळीची ताकदही बेताचीच. 1857 च्या उठावातली एक हकिकत कर्नल फॉस्बेरी यांनी पुढे नोंदवली. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने चाल करून येणाऱ्या तलवारधारी शिपायावर आपलं कोल्ट नेव्ही रिकामं केलं. बहुतेक गोळ्या लागल्या, तरी शिपाई थांबला नाही आणि त्याने अधिकाऱ्याला तिथेच कापलं. म्हणूनच हिंदुस्थानात येणाऱ्या अधिकाऱ्यांचा ओढा जाड गोळीच्या ॲडम्स रिव्हॉल्व्हरकडे होता. नेव्हीची ही गत, तर .31 चं पॉकेट म्हणजे अगदी जवळून, नाइलाजाने वापरायचं हत्यार. ते हातात घेऊन रणांगणात उतरणारा सेनानी दाखवणं चूकच.

आपल्याकडे ते कोणाच्या खिशात असेल? गोऱ्या अधिकाऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, एखाद्या संस्थानिकाच्या. 1857 नंतर देशात निःशस्त्रीकरण झालं, 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याची सक्ती आली. त्यानंतर वर्षभरातच, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड पुकारलं, ते कोणत्या परिस्थितीत, हे यावरून लक्षात यावं. कोकणातल्या घरात टोपीचं रिव्हॉल्व्हर दाखवायचं तर कथेत त्याचं कारण हवं.

उलट्या टोकाची चूक आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या माणसाबाबत होते. अनंत कान्हेरे मूळचे खेड तालुक्यातल्या आयनीचे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. त्याला फिरतं चक्र नाही. गोळ्या दस्त्यातल्या मॅगझिनमध्ये. तरी शाळेच्या स्नेहसंमेलनांत त्यांच्या हाती रिव्हॉल्व्हरच दिलं जातं. परदेशातून चोरून आणलेलं त्या काळातलं सर्वांत आधुनिक हत्यार त्या कोवळ्या मुलाच्या हातात होतं. ते बदललं की त्या कटामागची तयारी आणि पोच दोन्ही पुसली जातात.

सुवर्णदुर्ग किल्ला तर आमच्या समोरच उभा आहे. 1755 मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. फॉर्सिथने टोपीमागच्या कल्पनेचं पेटंट घेतलं 1807 मध्ये. तेव्हा आंग्र्यांच्या माणसाच्या हाती तोड्याची बंदूक द्या, गारेची द्या. निपल असलेली देऊ नका. एवढी तारीख पाहायला पैसे लागत नाहीत.

मी कलादिग्दर्शकांना इटलीची कॅटलॉगं पाहण्याआधी इकडे यायला सांगतो. ठासणीच्या बंदुका जुन्या दिसाव्यात म्हणून कोणी केल्या नाहीत. बाग राखायला केल्या. पण टोपी कशी बसवतात, ओल्या हवेत दारू कशी सांभाळतात, बार झाल्यावर खाऱ्या वाऱ्यात नळी गंजू नये म्हणून ती लगेच गरम पाण्याने धुऊन तेल कसं लावतात, हे त्यांच्या मालकांना हाताने माहीत आहे. पण या बंदुका घरात राहतीलच असं नाही : परवानाधारक वारला आणि वारसाने परवाना घेतला नाही, तर बंदूक जमा करावी लागते. वापरता न येणाऱ्या, दुरुस्तीपलीकडच्या जुन्या शस्त्रांना 1959 च्या शस्त्रकायद्याच्या कलम 45 मध्ये सूट आहे. चालू ठासणीला ती सूट नाही. म्हणून ज्यांच्याकडे अशी बंदूक आहे त्यांना माझी विनंती आहे. नळीची लांबी, निपलचा आकार, घोड्यावरची नक्षी, बुडाजवळचा कारखान्याचा शिक्का यांचे फोटो आणि मापं आत्ताच काढून ठेवा. शक्य असेल तर आजोबांना बंदूक भरायला लावून त्याचं चित्रीकरण करा, टोपी न लावता.