सातबाऱ्यावरचं नाव

धामापूरच्या तळ्याला 2020 साली जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, तेव्हा गावात फार कौतुक झालं. 1530 च्या सुमारास बांधलेलं तळं, आजही त्याच्या पाण्यावर माडापोफळीच्या बागा उभ्या आहेत. त्याच पाण्यावर मळा करणारी माझी काकी मात्र सरकारच्या लेखी शेतकरी नव्हती. तरवा काढणं, लावणी, कापणी सगळं तिचं. सातबाऱ्यावर नाव काकांचं.

पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, काकांच्या खात्यात येत. खताची सोय व्हायची. काका गेले आणि हप्ता थांबला. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे येऊ नयेत हे बरोबरच आहे. पण शेत थांबलं नव्हतं. पुढे 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी 6000 सुरू झाले, तेही त्याच यादीवर. एका नावापायी दोन्ही गेले.

पीएम किसानचा नियम असा: 1 फेब्रुवारी 2019 रोजी लागवडीलायक जमीन ज्याच्या नावावर, तो लाभार्थी; त्यानंतर नाव चढलं तर ते वारसाहक्कानेच चढलेलं हवं. म्हणजे आधी वारस नोंद. आमचं खातं सामाईक. कोकणात बहुतेकांचं असंच असतं: आजोबांच्या भावांची नातवंडं मुंबईला, कोण डोंबिवलीत, कोण विरारला, आणि सातबारा नावांनी भरलेला. त्यातली काही माणसं मी फक्त गणपतीत पाहिलेली. काकांच्या हिश्शाला काकी आणि मुलं लागायची, एवढंच काम. पण मृत्यूच्या दाखल्यावर काकांचं नाव एका तऱ्हेने, सातबाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि काकीच्या आधारवर तिसऱ्याच. मी कागद घेऊन हेलपाटे घातले. मध्येच वैतागून मी म्हटलं, दोन हजारांसाठी एवढं कशाला, मीच देतो. काकी म्हणाली, "पैशे येवंदेत नायतर ऱ्हवांदेत झिला, पण सातबाऱ्यार माजा नाव लागूक व्हया."

फेरफार मंजूर झाला. मग ई-केवायसी. चिखलाने आणि काजूच्या चिकाने झिजलेली तिची बोटं यंत्र घेईना. 2023 पासून मोबाइलवर चेहरा दाखवून ते करता येतं, म्हणून निभावलं. पुढे शेतकरी ओळख क्रमांकही निघाला. हप्ता जमा झाल्याचा मेसेज मी तिला वाचून दाखवला. तिने नवा सातबारा मागितला आणि त्यावर आपलं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं.

तिचं झालं, कारण निदान वारसाहक्क होता. शेजारची बाई मुंबईकराची जमीन वाट्याने करते. कागद काही नाही. मालक लिहून देणार नाही, कारण 1948 च्या कुळकायद्याची धास्ती कोकणातल्या घराघरांत अजून आहे. मालक प्राप्तिकर भरणारा नसेल तर हप्ता त्याला मिळू शकतो, राबणाऱ्या बाईला कुठल्याच वाटेने नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. कोणत्या शेतात कुठलं पीक उभं आहे ते ई-पीक पाहणीत नोंदवलं जातं. ते कुणी लावलं याचीही नोंद व्हावी, आणि त्या नोंदीने कुळहक्क लागणार नाही असं सरकारने मालकांना लेखी सांगावं. ग्रामसभेत मी हे मांडलं. ठराव अजून झालेला नाही. पुढच्या सभेला शेजारीणही येणार आहे, ती स्वतः बोलणार आहे.