‘बाहेर’ जाण्याचा हिशोब

आमच्याकडे खेड, दापोली, मंडणगड पट्ट्यात ‘पोरगा काय करतो?’ विचारलं की उत्तरं दोनच. मुंबईला असतो, नाहीतर ‘बाहेर’ असतो. बाहेर म्हणजे आखात. जमिनीचे तुकडे, पावसाळ्यात एक भातपीक, त्यात घर चालत नाही. आधी गिरण्या होत्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामं निघाली. इकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या.

लोकांना वाटतं, सगळ्यात गरीब माणूस परदेशात जातो. चूक. ज्याच्याकडे गहाण टाकायला काहीतरी आहे तोच जातो. एजंट लाख-सव्वालाख सांगतो. बायकोचे दागिने पतपेढीत, उरलेले मेहुण्याकडून. विमानात बसायच्या आधीच कित्येक महिन्यांचा पगार संपलेला. मग तिथे मालकाने पासपोर्ट काढून घेतला तरी माणूस गप्प बसतो. भांडून परत आला तर कर्ज कोण फेडणार?

कायद्याने परवानाधारक एजंटाने सेवाशुल्क ३० हजार आणि वर जीएसटी, एवढंच घ्यायचं. पावतीसकट. (पावती मागून बघा एकदा.)

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. आखातात नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते. करार बघतात, १० लाखांचा विमा काढावा लागतो, दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. पोरांना ही नोंद कमीपणाची वाटते. माझ्या मते तेवढंच एक कवच आहे त्यांच्याकडे. एजंट तेही काढून घेतो. सरळ व्हिजिट व्हिसावर पाठवतो, ‘तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा करू’ म्हणतो.

मध्यंतरी एका माऊलीने मुलाचा ‘नोकरीचा कागद’ दाखवला. पर्यटक व्हिसा, ३० दिवसांचा. पेढे वाटून झाले होते. सांगितलं तर म्हणाली, “भाऊ, एजंट आपल्याच वाडीतला हाय, तो कशाला फसवील?” तक्रारी होत नाहीत त्या याच्यामुळे. बातमी करतो म्हटलं की उत्तर ठरलेलं, नाव छापू नका.

१२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, किमान ४५ भारतीय गेले. चार दिवस चर्चा झाली, मग सगळं शांत.

एजंटाचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघता येतो. पैसे देण्याआधी नंबर मागा. समजत नसेल तर कागदाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅप करा, वाचून सांगतो.