पाद्र्याचं घर एवढं मोठं कसं?

इंग्लंडमधलं जुनं घर बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हेच मला ठाऊक नव्हतं. लिंकनशरमधल्या एपवर्थच्या ओल्ड रेक्टरीसमोर उभा राहिलो, तर हे घर पाद्र्याचं की जमीनदाराचं इथूनच घोळ. राणी ॲनच्या काळातलं, लाल विटांचं, ऐसपैस. आणि ते बांधणारा इथला रेक्टर, म्हणजे गावचा पाद्री, सॅम्युअल वेस्ली १७०५ साली कर्जापायी लिंकनच्या तुरुंगात जाऊन आलेला!

रेक्टर हा गावच्या दशमांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा, पूर्ण हक्कदार. व्हिकार या दुसऱ्या प्रकारच्या पाद्र्याच्या वाट्याला त्यातला हिस्साच यायचा. शिवाय चर्चची शेतजमीन. म्हणून घरही तोलामोलाचं. पण ते मालकीचं नाही, पदाचं. सरकारी क्वार्टरसारखं, फक्त बांधायचा खर्च राहणाऱ्याच्या बोकांडी!

आधीचं घर लाकूड, गिलावा आणि गवताच्या छपराचं होतं. ९ फेब्रुवारी १७०९च्या रात्री ते पेटलं. वेस्लींचा पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकला. शिडी आणायला सवड नव्हती. एकाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि पोराला खिडकीतून ओढून काढलं. मेथडिस्ट पंथ सुरू करणारा जॉन वेस्ली तो हाच. नवं घर विटांचं का, हे मग विचारावं लागलं नाही.

खिडक्यांनी मात्र पुन्हा गोंधळात टाकलं. चौकट भिंतीच्या किती आत आहे त्यावरून घराचा काळ ओळखतात, असं वाचून गेलो होतो. १७०९च्याच कायद्याने ती चार इंच आत घ्यायला लावली, पण फक्त लंडनमध्ये! एपवर्थमध्ये ती फूटपट्टी काय कामाची?

आत गेलो. पोटमाळ्यावर १७१६च्या डिसेंबरात अदृश्य हातांची ठकठक सुरू झाली. वेस्लींच्या मुलींनी त्या भुताला ‘ओल्ड जेफ्री’ असं नाव देऊन टाकलं. गर्दी तिथेच असते. मी रेंगाळलो स्वयंपाकघरात. नवरा लंडनला असताना, १७११-१२च्या हिवाळ्यात, सुझॅना वेस्ली घरातच रविवारची प्रार्थना घेई. ऐकायला दोनशेच्या वर शेजारीपाजारी जमू लागले. ते मावले कुठे, हे मला अजून उमगलेलं नाही.

१९५४ साली जागतिक मेथडिस्ट परिषदेने हे घर विकत घेतलं. आता तिथे संग्रहालय आहे. गेलात तर भूत नंतर बघा, आधी स्वयंपाकघर.